एक जिना, 297 माणसे

लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टन भागातली ग्रेनफेल टॉवर ही 24 मजल्यांची, 67 मीटर उंचीची निवासी इमारत. 14 जून 2017 च्या रात्री तिच्यात 297 माणसे होती. त्या रात्रीच्या आगीने 72 जणांचा बळी घेतला. त्यांत 18 मुले होती.

इमारतीला जिना एकच होता, 1.04 मीटर रुंदीचा. तो बेकायदा नव्हता. एवढ्या उंच निवासी इमारतीला एक जिना पुरेसा आहे, असे तिथल्या नियमांनी मानले होते, पण एका अटीवर. ही अट कशी मोडत गेली आणि ती मोडल्याचे आतल्या माणसांना किती उशिरा सांगितले गेले, त्याचा हा घटनाक्रम.

1974

इमारत बांधून पूर्ण होते. उंच निवासी इमारतींसाठी ब्रिटनमध्ये त्या काळी 'सीपी 3' नावाची संहिता मार्गदर्शक मानली जात असे. तिचा हिशेब सरळ होता. प्रत्येक फ्लॅटच्या भिंती, छत, जमीन आणि दार आगीला ठरावीक वेळ अडवतील. आग ज्या घरात लागली त्या घरातली माणसे बाहेर पडतील, बाकीचे आपापल्या घरात थांबतील, आणि अग्निशमन दल वर चढून आग विझवेल. सगळी इमारत एकदम उतरणार नसेल, तर रुंद जिना किंवा दुसरा जिना लागत नाही. इमारतभर वाजणारा भोंगाही लागत नाही. ग्रेनफेलमध्ये तो नव्हता.

अट एवढीच, की आग घरातून बाहेर पडून भिंतीवरून दुसऱ्या घरात शिरता कामा नये.

5 एप्रिल 1991

लिव्हरपूलजवळच्या हायटनमध्ये नोझ्ली हाइट्स या 11 मजली इमारतीला आग. बाहेरच्या भिंतीवर नवे आवरण बसवलेले होते. आवरण आणि भिंत यांच्यामधल्या पोकळीतून आग तळापासून माथ्यापर्यंत जाते. जीवितहानी होत नाही.

11 जून 1999

स्कॉटलंडमधल्या अर्विन इथे गार्नॉक कोर्ट ही 14 मजली इमारत. पुन्हा बाहेरचे आवरण, पुन्हा खालून वर गेलेली आग. एकाचा मृत्यू. त्यानंतर ब्रिटिश संसदेची समिती चौकशी करते आणि बजावते, की धोका कमी करण्याची पावले उचलण्यासाठी अनेकांचे प्राण घेणाऱ्या आगीची वाट पाहू नये.

2001

सरकारने करवून घेतलेल्या मोठ्या चाचण्यांमध्ये ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिएथिलिन भरलेले आवरण तपासले जाते. त्याला व्यवहारात 'एसीएम' म्हणतात. ते भडकून जळते. निकाल गोपनीय राहतात आणि नियम कडक होत नाहीत.

3 जुलै 2009

दक्षिण लंडनमधले लेकनाल हाउस, 14 मजले. आग बाहेरून पसरते. 'घरातच थांबा' या सल्ल्यावर विसंबून राहिलेल्यांपैकी सहा जण मरतात, त्यांत तीन मुले. मार्च 2013 मध्ये कॉरोनर फ्रान्सिस कर्कहॅम सरकारला लेखी शिफारस करतात, की बाहेरच्या भिंतींवरून आग पसरण्याविषयीचे मार्गदर्शन समजेल अशा भाषेत नव्याने लिहावे. पुढच्या चार वर्षांत ते लिहिले जात नाही.

नोव्हेंबर 2013

ग्रेनफेलच्या नूतनीकरणाची तयारी चालू. अग्निसुरक्षा सल्लागार आपल्या अहवालात लिहितात, की प्रस्तावित बदलांमुळे बाहेरून आग पसरण्याच्या दृष्टीने काही वाईट परिणाम होणार नाही असे दिसते, मात्र अहवालाच्या पुढच्या आवृत्तीत याची खातरजमा केली जाईल. पुढची आवृत्ती कधीच निघत नाही. ती कुठे आहे, असे कुणी विचारत नाही.

2014

भिंतीवर जस्ताचे आवरण बसवायचा मूळ विचार बदलतो. त्याऐवजी एसीएम निवडले जाते. बचत 2,93,368 पौंड. पत्रा एकूण 4 मिलिमीटर जाडीचा, त्यातले 3 मिलिमीटर पॉलिएथिलिन.

याच वर्षी, त्या पत्र्यामागे बसणाऱ्या उष्णतारोधक थराची चाचणी होते. चाचणीच्या सांगाड्यात आग अडवणारे मॅग्नेशियम ऑक्साइडचे तक्ते आतून लावलेले असतात. माल विकताना हे सांगितले जात नाही.

मार्च 2015

कामाशी संबंधित लोकांच्या ईमेलांमध्ये पोकळीतली आग अडवणाऱ्या पट्ट्यांची चर्चा. एक जण लिहितो, की आग लागली तर एसीएम तसेही झपाट्याने नाहीसे होणार, हे आपल्याला ठाऊकच आहे. काम पुढे जाते.

7 जुलै 2016

स्थानिक परिषदेचा इमारत विभाग काम पूर्ण झाल्याचा दाखला देतो.

इंग्लंडच्या इमारत नियमांत त्या दिवशी दोन कलमे लागू होती. बी 1 सांगते, की आग लागल्यावर बाहेर सुरक्षित जागी पोचण्याची वाट गरजेच्या प्रत्येक क्षणी सुरक्षितपणे वापरता आली पाहिजे. बी 4 सांगते, की इमारतीची उंची आणि वापर लक्षात घेता बाहेरच्या भिंतींनी आगीच्या प्रसाराला पुरेसा विरोध केला पाहिजे. पहिले कलम जिन्याचे, दुसरे भिंतीचे. ग्रेनफेलचा एकुलता जिना चालत होता तो भिंतीच्या भरवशावर. दाखल्यावर सही झाली तेव्हा ती भिंत जळाऊ होती.

याच महिन्यात लंडन अग्निशमन दलात उंच इमारतींच्या दर्शनी भिंतींच्या धोक्यांवर एक सादरीकरण होते. परदेशांत अशा आगी कशा चढल्या, ते त्यात आहे. बंबाबरोबर रस्त्यावर जाणाऱ्या घटनाप्रमुखांपर्यंत ते पोचत नाही.

नोव्हेंबर 2016

ग्रेनफेल ॲक्शन ग्रुप ही रहिवाशांची संघटना जाहीरपणे लिहिते, की इमारत सांभाळणाऱ्या संस्थेचा निष्काळजीपणा मोठी जीवितहानी झाल्यावरच उघड होईल. रहिवाशांनी याआधीही तक्रारी केलेल्या असतात. त्रास देणारे लोक, अशी त्यांची ओळख होऊन बसते.

एप्रिल 2017

मागच्या ऑगस्टमध्ये शेफर्ड्स बुशच्या 18 मजली शेफर्ड्स कोर्टमध्ये आग खिडक्यांलगतच्या बाहेरच्या पॅनेलांवरून वर चढली होती. तिच्या तपासानंतर अग्निशमन दल लंडनच्या परिषदांना पत्र पाठवते : आपल्या इमारतींच्या बाहेरच्या पॅनेलांची तपासणी करा. आता दहा आठवडेही उरलेले नाहीत.

14 जून 2017, मध्यरात्रीनंतर 12:54

चौथा मजला, फ्लॅट 16. धुराच्या गजराने रहिवाशाला जाग येते. स्वयंपाकघरात मोठ्या फ्रीजच्या बाजूला धूर. तो 999 ला फोन करतो, मजल्यावरच्या शेजाऱ्यांची दारे ठोठावतो आणि बाहेर पडतो. त्याने करायचे ते सगळे केले. पुढे चौकशीनेही त्याला कोणताच दोष दिला नाही.

रमजानचा महिना आहे. इमारतीतली काही घरे अजून जागी आहेत.

12:59

पहिले जवान पोचतात. फोनपासून पाच मिनिटे. स्वयंपाकघरातली आग, चौथा मजला, शिडी न लावता पोचता येण्याजोगी. अशा आगी ते नेहमी विझवतात.

लिफ्टचा ताबा घेण्यासाठी जवान खास किल्ली फिरवतात. ताबा मिळत नाही. लिफ्ट रहिवाशांच्या हाती राहते आणि काहींच्या जिवावर बेतते. मजल्यांचे नकाशे जागेवर मिळत नाहीत.

1:07

श्वसनसंच लावलेले दोन जवान फ्लॅट 16 मध्ये शिरतात. आधी खोल्या तपासतात, आत कुणी राहिले आहे का ते पाहतात.

1:09

आग स्वयंपाकघरातून बाहेर पडते.

नूतनीकरणात खिडकीच्या चौकटीभोवती प्लास्टिकच्या पट्ट्या बसवल्या होत्या. गरम धुराने बाजूची पट्टी मऊ पडते, वाकते, निखळते. तिच्यामागे पोकळी, पोकळीला लागून उष्णतारोधक थर आणि पत्रा. ज्वाळा भिंतीत शिरतात आणि पूर्वेच्या बाजूने चढू लागतात.

1974 ची अट इथे मोडते. पहिल्या फोनला 15 मिनिटे झाली आहेत.

1:13

पहिले घटनाप्रमुख, वॉच मॅनेजर दर्जाचे अधिकारी, सहा बंब मागवतात. बाहेरच्या भिंतीवर ज्वाळा त्यांना दिसत आहेत. आवरण पेटले तर ते कसे वागते आणि इमारत केव्हा रिकामी करायची, याचे प्रशिक्षण त्यांना कधी मिळालेले नाही.

1:14

जवान पहिल्यांदा स्वयंपाकघरात पाऊल ठेवतात. फ्रीजची आग त्यांच्या आवाक्यात येते. ज्या आगीसाठी ते आले ती ते विझवतील. दुसरी त्यांच्या खिडकीबाहेरून पाच मिनिटांपूर्वीच वर गेली आहे.

1:18

297 पैकी 34 जण बाहेर. आत 263.

1:21

22 व्या मजल्यावरून नियंत्रण कक्षाला फोन येतो. वरच्या मजल्यांवरून फोनांची रांग सुरू होते. कक्षातून उत्तर ठरलेले आहे : आग किंवा धूर तुमच्या घरात येत नसेल, तर घरातच थांबा, दाराखाली ओले कापड लावा, जवान येत आहेत.

उत्तर देणाऱ्यांसमोर इमारतीचे चित्र नाही. आग चौथ्या मजल्यावर आहे, एवढेच त्यांना माहीत आहे.

1:25

14 व्या मजल्यावरून फोन : लॉबीतला धूर घरात येतो आहे. चौथ्या मजल्याच्या आगीचा धूर दहा मजले वर कसा, हा प्रश्न तेव्हाच विचारण्याजोगा होता.

लॉबीतला धूर ओढून घेणारी यंत्रणा एका वेळी एकाच मजल्यासाठी बनवलेली आहे. फ्लॅटच्या दारांनी आग 30 मिनिटे थोपवणे अपेक्षित आहे. पुढे पोलिसांनी करवून घेतलेल्या चाचणीत त्यातले एक दार सुमारे 15 मिनिटांत हरले. अनेक दारांना आपोआप बंद करणारी यंत्रणा नव्हती किंवा ती मोडलेली होती. घाईने बाहेर पडलेल्या माणसामागे दार उघडे राहते आणि त्याच्या घरातला धूर लॉबीत येतो. लॉबीतून तो जिन्यात जातो.

1:26

पोलीस ही 'मोठी दुर्घटना' असल्याचे जाहीर करतात. अग्निशमन दलाला ते कळवले जात नाही.

1:27

आग माथ्यावर पोचते. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून निघून छतापर्यंत 18 मिनिटे. आता ती माथ्याच्या कडेने आडवी धावू लागते.

1:29

20 बंब मागवले जातात.

1:30

22 व्या मजल्यावरून फोन : आग घरात शिरली आहे. ज्या घरात आग लागलीच नव्हती, त्या घरात ती बाहेरून आली. 'घरातच थांबा' हा सल्ला ज्या गृहीतावर उभा होता, ते मोडल्याचे आता फोनवरून ऐकू येत आहे.

1:31

25 बंब. आग उत्तर बाजूकडे वळते. बाहेर 110 जण, आत 187.

1:18 ते 1:31 या 13 मिनिटांत 76 माणसे उतरली. कुणी उतरायला सांगितले म्हणून ती उतरली नाहीत. त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले आणि सल्ला मोडला. जिना अरुंद होता, धूर त्यात येऊ लागला होता, पण तो चालत होता. आदेश दिला असता तर तो आणखी माणसे खाली आणू शकला असता.

14 व्या मजल्यावर जवान पोचतात. मजल्यावर आठ माणसे सापडतात. त्यांना खाली नेण्याऐवजी एका फ्लॅटमध्ये एकत्र ठेवले जाते, कारण तो फ्लॅट त्या घटकेला बरा वाटतो आणि आदेश घरात थांबण्याचाच आहे. निर्णय घेणाऱ्यांचा हेतू जीव वाचवण्याचा होता. आठपैकी चौघे जगले.

1:30 ते 1:50

या 20 मिनिटांत इमारत रिकामी करण्याचा आदेश निघत नाही. पुढे न्यायमूर्ती मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीने याच अवकाशावर बोट ठेवले : इमारत रिकामी करण्याचा निर्णय 1:30 ते 1:50 च्या दरम्यान घेता आला असता, घ्यायला हवा होता, आणि घेतला असता तर मृत्यू कमी झाले असते.

1:45

पोलिसांचे हेलिकॉप्टर वर पोचते. कॅमेऱ्यात सगळी इमारत दिसते. चित्रण सांकेतिक रूपात असल्याने ते अग्निशमन दलाला पाहता येत नाही. हेलिकॉप्टर पाहून वरच्या मजल्यांवर काहींना वाटते, सुटका छतावरून होणार. काही जण याआधीच खाली येण्याऐवजी वर, 23 व्या मजल्याकडे गेलेले असतात.

1:50

घटनेची सूत्रे पहिल्या अधिकाऱ्याकडून स्टेशन मॅनेजरकडे. बाहेर 168. आत 129.

1:58

सूत्रे उपसहायक आयुक्तांकडे.

2:04

आणखी एक वरिष्ठ अधिकारी आपण सूत्रे घेतल्याचे जाहीर करतात. सूत्रे आधीच दुसऱ्याकडे गेली आहेत, हे त्यांना माहीत नाही. ते 40 बंब मागवतात.

2:06

अग्निशमन दल 'मोठी दुर्घटना' जाहीर करते. पोलिसांनी ते 40 मिनिटांपूर्वी केले होते.

आत बिनतारी संच नीट चालत नाहीत. कोणत्या फ्लॅटमध्ये किती माणसे अडकली आहेत, हे फोनवरून नियंत्रण कक्षाला कळते. तिथून ते इमारतीबाहेरच्या वाहनाकडे, तिथून चिठ्ठीवर, चिठ्ठी हातात घेऊन पळणाऱ्या माणसाकडे, आणि शेवटी खालच्या मजल्यावर उभारलेल्या तळाच्या भिंतीवर. फ्लॅटचे क्रमांक भिंतीवर लिहिले जातात. जवान क्रमांक वाचून चढतात. वर पोचेपर्यंत माहिती जुनी झालेली असते.

त्याच 1.04 मीटर रुंदीत आता पाण्याचे पाइप आहेत, चढणारे जवान आहेत आणि उतरणारी माणसे आहेत. पाइपांमुळे दारे पूर्ण मिटत नाहीत. धूर वाढतो.

2:20

ज्वाळा दक्षिण बाजूकडे. चौकशीच्या निष्कर्षाप्रमाणे जिन्यातला धूर या सुमारास जीवघेणा झाला होता, तरी सगळ्यांसाठी जिना पूर्ण बंद झाला नव्हता.

2:26

रुग्णवाहिका सेवा 'मोठी दुर्घटना' जाहीर करते. तीन सेवा, तीन वेगळ्या वेळा, एकच इमारत.

2:35

नियंत्रण कक्ष स्वतःच ठरवतो : आता फोन करणाऱ्या प्रत्येकाला बाहेर पडायला सांगायचे. जागेवरच्या अधिकाऱ्यांशी याचा मेळ बसलेला नाही.

तासाभरापूर्वी ज्यांना 'थांबा' सांगितले होते, त्यांना आता 'निघा' सांगितले जाते. ज्यांचा फोन लागतो त्यांनाच. इमारतीला भोंगा नाही, त्यामुळे बाकीच्यांना काहीच कळत नाही.

2:44

सहायक आयुक्त अँडी रो सूत्रे हाती घेतात.

2:47

'घरातच थांबा' हा सल्ला रद्द.

रो यांना हा निर्णय घ्यायला तीन मिनिटे लागली. पहिल्या फोनपासून 1 तास 53 मिनिटे झाली आहेत. आग छताला भिडून 80 मिनिटे झाली आहेत.

3:00

आग पश्चिम बाजूवर पसरू लागते.

3:08

जवानांचा तळ मागे, तळमजल्याच्या लॉबीत हलवला जातो. वर जाणारा प्रत्येक जवान आता आणखी लांब अंतर धुरातून चढतो. त्याच्या पाठीवरची हवा तितकीच आहे.

4:02

दक्षिण आणि पश्चिम बाजूंच्या ज्वाळा नैर्ऋत्य कोपऱ्याच्या माथ्याशी एकमेकींजवळ येतात. आगीची फेरी पूर्ण होत आली आहे.

सकाळी 8:07

इमारतीतून जिवंत बाहेर आलेला शेवटचा रहिवासी खाली आणला जातो. पहिल्या फोनपासून 7 तास 13 मिनिटे.

इमारतीत 37 रहिवासी अपंगत्व असलेले होते. त्यांतले 15 जण मेले. आग लागल्यास त्यांना खाली कोण आणणार, कसे आणणार, याची योजना कुणासाठीही केलेली नव्हती. ते घरातच थांबणार, असे गृहीत होते.

30 ऑक्टोबर 2019

चौकशीचा पहिला अहवाल. ग्रेनफेलच्या बाहेरच्या भिंती बी 4 कलमात बसत नव्हत्या. त्यांनी आगीला विरोध केला नाही, उलट ती वाढवली. उंच इमारतींच्या मालकांनी सुटकेच्या योजना तयार ठेवाव्यात, अपंग रहिवाशांसाठी वैयक्तिक योजना कराव्यात, सगळ्या इमारतीला इशारा देता येईल अशी यंत्रणा बसवावी, अशा शिफारशी त्यात आहेत.

4 सप्टेंबर 2024

दुसरा अहवाल. एसीएम बनवणाऱ्या कंपनीने त्याचा खरा धोका 2005 पासून आगीच्या रात्रीनंतरपर्यंत बाजारापासून हेतुपुरस्सर लपवला. सरकारला 1991 पासून इशारे मिळत होते. वास्तुरचनाकारांनी, कंत्राटदारांनी, सल्लागारांनी, इमारत सांभाळणाऱ्या संस्थेने आणि दाखला देणाऱ्या विभागाने, प्रत्येकाने दुसऱ्या कुणीतरी पाहिले असेल असे मानले. मूर-बिक यांनी सांगितले, की सगळे 72 मृत्यू टाळता येण्याजोगे होते.

कायद्याची पावले

21 डिसेंबर 2018 : इंग्लंडमध्ये 18 मीटर किंवा त्याहून उंच नव्या निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतीत ज्वलनशील सामग्रीला बंदी.

2021 : बाहेरची भिंत आणि फ्लॅटचे दार हे दोन्ही अग्निसुरक्षेच्या जबाबदारीत येतात, हे कायद्याने स्पष्ट. 2005 च्या अग्निसुरक्षा आदेशात इमारतीच्या 'जबाबदार व्यक्ती'वर कर्तव्ये होती, पण ही दोन ठिकाणे त्यात मोडतात की नाही यावर वाद होता. ग्रेनफेलमध्ये नेमकी हीच दोन ठिकाणे कामी आली नाहीत.

2022 : नव्या उंच निवासी इमारतींसाठीच्या मार्गदर्शनात, इमारत रिकामी करण्याचा इशारा जवानांना देता येईल अशा यंत्रणेचा समावेश. त्याच वर्षी तत्कालीन सरकारने अपंग रहिवाशांच्या वैयक्तिक योजनांची शिफारस मात्र नाकारली.

23 जानेवारी 2023 : 11 मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींत सामाईक जागेतली आगरोधक दारे दर तीन महिन्यांनी आणि फ्लॅटची दारे वर्षातून एकदा तपासणे बंधनकारक.

6 एप्रिल 2026 : स्वतःहून बाहेर पडू न शकणाऱ्या रहिवाशांच्या सुटकेच्या योजनांचे नियम लागू होण्याची तारीख. शिफारशीपासून साडेसहा वर्षे.

30 सप्टेंबर 2026 : 18 मीटर किंवा त्याहून उंच नव्या निवासी इमारतींना दुसरा जिना. आगीपासून सव्वानऊ वर्षे.

दुसऱ्या जिन्याचा नियम नव्या इमारतींसाठी आहे. आधी बांधलेल्या एकजिनी इमारतींत माणसे राहत आहेत आणि राहतील. त्यांच्यासाठी अजूनही 1974 चाच हिशेब चालू आहे. तो हिशेब मुळात चुकीचा नव्हता. भिंत आग अडवते, दार मिटते, धूर लॉबीत थांबतो, तोवर एक जिना पुरतो. यातले एक जरी निकामी झाले, तर त्याच जिन्यावर सगळ्या इमारतीचा भार येतो.

म्हणून भिंतीवर नवा पत्रा लावणे, दाराची मोडलेली यंत्रणा तशीच ठेवणे, अहवालाची पुढची आवृत्ती न मागणे, रहिवाशाचे पत्र बाजूला सारणे, यांतले प्रत्येक कृत्य सुटकेच्या वाटेवरच घडते, मग ते जिन्यापासून कितीही लांब घडो. कायद्याने ते तसेच मोजले पाहिजे. आणि हिशेब मोडला हे कळताच आतल्या प्रत्येक माणसापर्यंत तो निरोप त्याच मिनिटाला पोचवण्याची जबाबदारी एका नावावर असली पाहिजे. ग्रेनफेलमध्ये 1:09 ला मोडलेल्या अटीची खबर 2:47 ला निघाली. या 98 मिनिटांचा जाब कायद्याने मागायला हवा, कारण तेवढ्या वेळात जिना चालू होता आणि आत माणसे जिवंत होती.